परिचर्या-शिक्षणाचा भार कोणी वाहावा? : मालेगावच्या संदर्भात एका धोरणाची चिकित्सा

प्रास्ताविक

एप्रिल २०२० मध्ये मालेगाव शहरात कोविड-१९ चे पहिले रुग्ण आढळले आणि अवघ्या काही आठवड्यांत हे शहर नाशिक जिल्ह्यातील साथीचे प्रमुख केंद्र बनले. त्या काळात मालेगावविषयी विपुल लिहिले गेले. यंत्रमागांचा बंद पडलेला खडखडाट, एका खोलीत आठ-दहा माणसांचे वास्तव्य, मोसम नदीच्या दोन तीरांवरील दोन समाज, पोलीस बंदोबस्त आणि पुढे 'मन्सूरा काढा' या सर्वांची चर्चा झाली. अनेक खासगी दवाखाने बंद राहिल्याने कोविडव्यतिरिक्त आजारांनी दगावणाऱ्यांची संख्या वाढल्याच्या बातम्याही आल्या. रुग्णशय्येजवळ आठ तास उभी राहणारी व्यक्ती कोण, ती कोणत्या गावाहून आली, तिला कोणी शिकविले आणि त्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न मात्र या सर्व लेखनात जवळजवळ अनुपस्थित होता. तिची आठवण टाळ्या आणि थाळ्यांपुरतीच झाली.

ही उणीव २०२० मध्ये निर्माण झाली नव्हती. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बडा कब्रस्तान परिसरात झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर अनेक जखमींना धुळे व नाशिक येथे हलवावे लागले होते. त्यानंतर रुग्णालयाची मागणी झाली, खाटांची झाली, अतिदक्षता कक्षाची झाली. मागणी करणारे नागरिक आणि ती मान्य करणारे शासन या दोघांनाही रुग्णालय म्हणजे इमारत, यंत्रे आणि डॉक्टर एवढेच दिसत होते. परिचारिका 'उपलब्ध होतील' असे गृहीत धरले गेले.

प्रस्तुत लेखाचा हेतू या गृहीतकाची चिकित्सा करणे हा आहे. भोर समितीच्या अहवालापासून (१९४६) केंद्र शासनाच्या २०२३ मधील परिचर्या महाविद्यालय योजनेपर्यंत परिचारिकांच्या टंचाईची मांडणी ज्या पद्धतीने होत आली आहे, ती मालेगावसारख्या शहरातून पाहिली असता कशी दिसते, हे येथे तपासले आहे. नवी आकडेवारी सादर करण्याचा हा प्रयत्न नाही. जी आकडेवारी आहे ती कशी वाचावी, एवढाच प्रश्न आहे.

आकडा काय मोजतो?

भोर समितीला त्या वेळच्या भारतात सुमारे ७,००० परिचारिका आढळल्या होत्या. लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण ४३,००० माणसांमागे एक असे होते. समितीने १९७१ पर्यंत ५०० माणसांमागे एक परिचारिका हे उद्दिष्ट ठेवले. पाऊण शतकानंतर संसदेत दिल्या गेलेल्या उत्तरांनुसार भारतात १,००० लोकसंख्येमागे १.९६ परिचर्या-कर्मचारी आहेत आणि त्याच उत्तरांत जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण म्हणून ३ हा आकडा दिला जातो. १,००० मागे १.९६ म्हणजे जवळजवळ ५०० मागे एक. भोर समितीचे उद्दिष्ट उशिरा का होईना, पण पूर्ण झाले, असा निष्कर्ष यावरून काढता येईल.

तो चुकीचा ठरेल. हा आकडा राज्य परिषदांच्या नोंदवह्यांतून येतो. नोंदवहीत नाव एकदा चढले की ते सहसा उतरत नाही. विवाहानंतर काम सोडलेली, आखाती देशांत गेलेली, निवृत्त झालेली आणि प्रसंगी दिवंगत झालेली परिचारिकाही तेथे जिवंत आणि कार्यरत असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हा भेद स्पष्ट केला आहे. नोंदणीवर आधारित आकड्यांनुसार १०,००० लोकसंख्येमागे १७.७ परिचारिका व प्रसाविका होत्या. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार प्रत्यक्ष कार्यरत असलेल्यांचे प्रमाण १०.६ भरले आणि त्यांतील पुरेशी अर्हता असलेल्यांचेच मोजले तर ते ६ वर आले. कागदावरील तीन परिचारिकांपैकी रुग्णाजवळ जेमतेम एकच उभी आहे, असा याचा अर्थ होतो.

मालेगाव महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार पावणेपाच लाखांच्या आसपास होती. भोर समितीचे प्रमाण लावले तर त्या लोकसंख्येला ९५० परिचारिका लागतात, आणि १,००० मागे ३ हे प्रमाण लावले तर सुमारे १,४२५. त्यानंतर लोकसंख्या वाढली आहे आणि शहरातील रुग्णालयांवर बागलाण, नांदगाव, देवळा, कळवण या तालुक्यांतील रुग्णांचाही भार असतो. तरीही शहरनिहाय आकड्यांचा मोह आवरलेला बरा, कारण टंचाईचे खरे स्वरूप लोकसंख्येच्या भागाकारात दिसत नाही. ते वॉर्डात दिसते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या जुन्या मानकांनुसार सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी आणि रजा-राखीव म्हणून त्यावर ३० टक्के पदे द्यावीत. ३० खाटांचा वॉर्ड घेतला तर सहा पदे होतात आणि रजा-राखीव धरून सुमारे आठ. ही सर्व पदे भरलेली आहेत असे समजू, जरी तसे क्वचितच असते. रजा व साप्ताहिक सुटी वजा जाता रोज सहाजणी कामावर येतात. तीन पाळ्यांत त्या विभागल्या की प्रत्येक पाळीला दोघी उरतात. मानकातील एकास पाच हे प्रमाण खाटेजवळ पोहोचेपर्यंत एकास पंधरा झालेले असते, आणि हे सर्व पदे भरलेल्या आदर्श स्थितीत! एक पद रिक्त, एक प्रतिनियुक्तीवर आणि एक प्रसूती रजेवर असली की रात्रपाळीला तीस खाटांमागे एक परिचारिका उरते. तिने सलाईन पाहायचे, इंजेक्शने द्यायची, नोंदवही लिहायची, नातेवाइकांची समजूत घालायची आणि पहाटे डॉक्टरांना दूरध्वनी करायचा. पूर्ण मंजूर मनुष्यबळ असतानाही टंचाई कशी असू शकते, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. धोरणविषयक दस्तऐवजांत ते मला कोठे आढळले नाही.

विद्यावेतनाकडून शुल्काकडे

महाराष्ट्रात या व्यवसायाचा इतिहास अभिमानास्पद आहे, पण तो फारसा सांगितला जात नाही. १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी यांच्यावर कादंबरी, नाटक आणि चित्रपट झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत परिचारिकेचे प्रशिक्षण घेणाऱ्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या क्रमिक पुस्तकांबाहेर कोणाला ठाऊक नाही. आनंदीबाईंना प्रत्यक्ष रुग्णसेवेची संधी नियतीने दिली नाही. काशीबाईंनी ज्या पेशात पाऊल टाकले त्याला मात्र समाजाने मान दिला नाही. स्मरणाची ही विषमता शासकीय अंदाजपत्रकांतही उतरली आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने या संस्थेने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिका व सुईणींच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली. उच्चवर्णीय विधवेने परपुरुषाच्या शरीराला स्पर्श करणे ही कल्पनाच ज्या काळात असह्य होती, त्या काळात रमाबाईंनी हे धाडस केले. त्या स्त्रियांच्या निवासाची, भोजनाची आणि प्रवासाची व्यवस्था संस्थेने केली होती, ही बाब आपल्या विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. मिरजेच्या मिशन रुग्णालयात किंवा अहमदनगरच्या साल्व्हेशन आर्मीच्या रुग्णालयात शिकणाऱ्या मुलींची स्थितीही याहून फार वेगळी नव्हती. विद्यार्थिनी शुल्क देऊन शिकत नसे. रुग्णालय तिला वसतिगृह, गणवेश, जेवण आणि अल्प विद्यावेतन देत असे.

या पद्धतीला आदर्श मानण्याचे कारण नाही. विद्यार्थिनी ही स्वस्त मजूर होती. वॉर्डाचा मोठा भार तिच्यावर असे आणि वर्गाला दुय्यम स्थान मिळे. भोर समितीने व नंतर १९५४ च्या शेट्टी समितीने परिचारिकांच्या निवासाची, वेतनाची आणि कामाच्या तासांची चर्चा केली ती याच पार्श्वभूमीवर. परिचर्येला विद्यापीठीय शिक्षणाचा दर्जा मिळावा, या मागणीतून १९४६ मध्ये वेल्लोर व दिल्ली येथे पदवी शिक्षण सुरू झाले आणि महाराष्ट्रात १९६४ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय उभे राहिले. मागणी न्याय्यच होती. विद्यार्थिनीला विद्यार्थिनी मानले जावे, यात गैर काहीच नव्हते.

पण या संक्रमणात एक गोष्ट नकळत घडली आणि तिची नोंद कोणत्याही समितीने ठळकपणे घेतलेली दिसत नाही. रुग्णालय विद्यार्थिनीला पैसे देत होते, तेथे विद्यार्थिनी महाविद्यालयाला पैसे देऊ लागली. नव्वदीनंतर परिचर्या-शिक्षणाचा विस्तार प्रामुख्याने खासगी क्षेत्रात झाला आणि हा बदल पूर्ण झाला. प्रशिक्षणाचा आर्थिक भार सार्वजनिक रुग्णालयाच्या खांद्यावरून शेतकऱ्याच्या, माग-कामगाराच्या आणि अंगणवाडी सेविकेच्या खांद्यावर गेला. वॉर्डातील तिचे श्रम मात्र संपले नाहीत. आजही प्रात्यक्षिकासाठी आलेल्या विद्यार्थिनींवर अनेक रुग्णालयांची सकाळची पाळी चालते. पूर्वी ती काम करून शिकत होती, आता ती शुल्क भरून काम करते. या स्थित्यंतराला केवळ 'दर्जावाढ' म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही.

सहायक परिचारिका प्रसाविकेच्या अभ्यासक्रमाचा इतिहास याच गोंधळाची दुसरी बाजू दाखवितो. १९५१ मध्ये दोन वर्षांचा म्हणून सुरू झालेला हा अभ्यासक्रम १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर बहुउद्देशीय आरोग्य कार्यकर्तीच्या कल्पनेत विलीन झाला आणि १९७७ मध्ये दीड वर्षाचा करण्यात आला. पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला. म्हणजे जिच्यावर खेड्यातील प्रसूतीची जबाबदारी टाकली तिचेच शिक्षण आपण प्रथम कमी केले आणि साडेतीन दशकांनी ती चूक कबूल केली. सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ मध्ये परिचर्येतील स्थितीचा सविस्तर आढावा घेतला होता. तो अहवाल आजही वाचनीय आहे, कारण त्यातील तक्रारी जुन्या झालेल्या नाहीत.

दहा कोटींची इमारत

२०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात १५७ नवीन परिचर्या महाविद्यालयांची घोषणा झाली आणि २६ एप्रिल २०२३ रोजी मंत्रिमंडळाने त्यासाठी १,५७० कोटी रुपयांना मान्यता दिली. प्रत्येक महाविद्यालयास दहा कोटी आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर असे हे गणित आहे. ही महाविद्यालये २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारातच उभी राहावयाची आहेत. सार्वजनिक निधीतून परिचर्या-शिक्षणाचा एवढा विस्तार यापूर्वी क्वचितच झाला असेल. त्याचे स्वागत करावे लागेल.

मात्र मालेगावातून पाहिले असता या योजनेची भौगोलिक दृष्टी संकुचित भासते. मालेगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाही, म्हणून परिचर्या महाविद्यालयही नाही. सुमारे पन्नास किलोमीटरवर धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला मालेगाव तालुक्याचेच सुपुत्र भाऊसाहेब हिरे यांचे नाव दिलेले आहे, पण ते २०१४ पूर्वीचे असल्याने योजनेच्या निकषात बसत नाही. नाशिकचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२४ मध्ये, म्हणजे १५७ ची यादी निश्चित झाल्यानंतर. संपूर्ण राज्याच्या परिचर्या-शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच जिल्ह्यात आहे, ही विसंगती वेगळीच. जेथे डॉक्टर तयार होतात तेथेच परिचारिका तयार व्हावी, या गृहीतकामागे सोय आहे, तर्क नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रशिक्षित झालेली परिचारिका दुसऱ्या वैद्यकीय महाविद्यालयातच नोकरी शोधते. उपजिल्हा रुग्णालयाची रात्रपाळी कशी असते, हे तिला ठाऊकच नसते.

यावर असे म्हटले जाईल की, परिषदेच्या नियमांनुसार परिचर्या महाविद्यालयास किमान १०० खाटांचे संलग्न रुग्णालय लागते, तीन रुग्णांमागे एक विद्यार्थिनी हे प्रमाण पाळावे लागते आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक द्यावा लागतो. या अटी योग्यच आहेत. बेडशीट अंथरलेल्या रिकाम्या खाटा दाखवून मान्यता मिळविणाऱ्या संस्थांचा अनुभव राज्याराज्यांतून आलेला आहे. पण मालेगावच्या शासकीय सामान्य रुग्णालयात आणि महानगरपालिकेच्या वाडिया व अली अकबर रुग्णालयांत रुग्णांची वानवा नाही. परिचर्या शिकण्यासाठी ज्या गोष्टीची सर्वाधिक गरज असते ती, म्हणजे रुग्ण, येथे विपुल आहे. वानवा आहे ती शिकविणाऱ्यांची आणि त्यांच्या पदांची.

आणखी एक आकडेमोड करून पाहू. प्रतिवर्षी ४० विद्यार्थिनींची एक तुकडी धरली तर चार वर्षांत १६० विद्यार्थिनी होतात. प्रत्येकीला दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन द्यावयाचे ठरविले तर वर्षाला ९६ लाख रुपये लागतात. एका महाविद्यालयाच्या उभारणीसाठी मंजूर झालेल्या दहा कोटींत हे विद्यावेतन दहा वर्षांहून अधिक काळ देता येईल. इमारत नकोच, असे मला सुचवावयाचे नाही. परंतु इमारतीला आपण 'गुंतवणूक' म्हणतो आणि विद्यावेतनाला 'आवर्ती खर्च' म्हणून नाक मुरडतो, या लेखाशीर्षांच्या भाषेतच आपले धोरण दडलेले आहे.

भाषा, दाखले आणि डी.एड.चा धडा

मालेगावातील परिचारिकेच्या शिक्षणाचा प्रश्न भाषेला वगळून सोडविता येणार नाही. शहरात उर्दू माध्यमाच्या शाळांची व कनिष्ठ महाविद्यालयांची मोठी परंपरा आहे. बारावी विज्ञान उत्तीर्ण होणाऱ्या मुलींची संख्या गेल्या दोन दशकांत लक्षणीय वाढली आहे, हे येथे अध्यापन करणाऱ्या कोणालाही दिसते. परिचर्येतील पदवी अभ्यासक्रमास भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी एवढे लागते. या मुलींपाशी ते असते. पण प्रवेशानंतरचे शिक्षण इंग्रजीत, वॉर्डातील व्यवहार मराठीत आणि रुग्णांशी संवाद कधी उर्दूत, कधी अहिराणीत, अशा चौरस्त्यावर त्यांना कोणत्याही आधाराशिवाय उभे केले जाते. खरे तर उर्दू, मराठी आणि थोडी अहिराणी समजणारी परिचारिका हीच या शहराची गरज आहे. रुग्णाने 'घबराहट हो रही है' म्हटले काय किंवा 'जीव कासावीस व्हस' म्हटले काय, त्यामागे हृदयविकार असू शकतो, हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. अशी परिचारिका बाहेरून मागवून मिळत नाही.

शासनाला भाषेचा सेतू बांधता येत नाही असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे आणि उमेदवारांना जर्मन भाषा शासनाच्या खर्चाने शिकविण्याची व्यवस्था केली गेली. स्टुटगार्टच्या रुग्णाशी बोलता यावे म्हणून सार्वजनिक निधी खर्च करणे योग्य असेल, तर मालेगावच्या रुग्णाशी बोलू शकणाऱ्या मुलीला इंग्रजी व मराठीचे सहा महिन्यांचे पूर्वशिक्षण देण्यात कोणती अडचण आहे? परदेशी जाणाऱ्या परिचारिकेबद्दल माझी तक्रार नाही. चांगले वेतन आणि सन्मान मिळेल तेथे जाण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे, तेव्हा मागणी राहणारच. आक्षेप एवढाच की निर्यातीसाठी जी तत्परता दाखविली जाते ती घरच्या वॉर्डासाठी दिसत नाही.

शुल्काच्या बाबतीत जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले. हा निर्णय महत्त्वाचा आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या मोमीन-अन्सारी कुटुंबांचा समावेश राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. तथापि दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि भाड्याच्या खोल्यांत पिढ्या काढलेल्या कुटुंबाकडे तो सहज सापडतोच असे नाही. शिवाय माफी शुल्काची असते. वसतिगृह, खानावळ, गणवेश आणि धुळे किंवा नाशिकच्या बसचे भाडे यांचे काय? मुलीला बाहेरगावी ठेवण्याविषयी कुटुंबाला वाटणारी भीती तर कोणत्याच शासननिर्णयात मावत नाही. या भीतीची कुचेष्टा करणे सोपे आहे. रमाबाई रानडे यांनी ती केली नव्हती. त्यांनी वसतिगृहाची सोय केली होती.

येथे एक अप्रिय स्मरण आवश्यक आहे. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात खासगी अध्यापक विद्यालयांचे पेव फुटले. मालेगावातील उर्दू माध्यमाच्या मुलींनीही मोठ्या आशेने डी.एड. केले. आईने दागिने मोडून शुल्क भरल्याची उदाहरणे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. २०१० नंतर शिक्षकभरती जवळजवळ थांबली, विद्यालये ओस पडली आणि पदविकाधारक मुली शिकवण्या घेत किंवा शिवणयंत्रावर बसून राहिल्या. जागा वाढविल्या, पदे वाढविली नाहीत. परिचर्या-शिक्षणात आज नेमके तेच घडण्याची शक्यता आहे, आणि तिचा विचार न करता केवळ 'टंचाई आहे, महाविद्यालये काढा' असे म्हणणाऱ्यांना हा ताजा इतिहास विसरता येणार नाही.

पदांचा प्रश्न

रुग्णाला परिचारिका मिळत नाही आणि परिचारिकेला नोकरी मिळत नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. शासकीय सेवेत पदे रिक्त राहतात किंवा कंत्राटी पद्धतीने भरली जातात. मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध संप केला. २०२३ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचारी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी संपावर गेले. अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर एकेक दशक काढलेल्या परिचारिकेला 'सेवाभाव' शिकविण्याचा नैतिक अधिकार कोणाला आहे, हे मला समजत नाही.

खासगी क्षेत्राची स्थिती याहून बिकट आहे. भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनास समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयांत शासकीय वेतनाइतके वेतन सुचविले. शिफारशी राज्यांकडे गेल्या आणि बहुतांश तेथेच राहिल्या. मालेगावसारख्या मध्यम शहरांतील लहान खासगी रुग्णालयांत 'सिस्टर' म्हणून वावरणाऱ्या अनेक मुलींनी कोणत्याही परिषदेचे प्रमाणपत्र घेतलेले नसते. दहावी-बारावीनंतर त्या कामावर येतात आणि पाहून पाहून शिकतात. या मुलींना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी कित्येकींचा हात शिरेवर अचूक बसतो. पण औषधाची मात्रा चुकली तर काय होते, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते, आणि चूक झाल्यावर त्यांच्या पाठीशी उभी राहणारी कोणतीही व्यवस्था नसते.

कायदा याबाबत मौन बाळगून नाही. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात पात्र परिचारिकांचे 'योग्य प्रमाण' असावे, अशी अट आरंभापासून आहे. योग्य म्हणजे किती, हे मूळ कायद्याने सांगितले नाही आणि त्या एका विशेषणाच्या आडोशाला पाऊण शतक स्वस्त मजुरी चालू राहिली. २०२३ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याने १९४७ च्या परिषद कायद्याची जागा घेण्याचे ठरविले आहे. नियमन, नोंदणी आणि परीक्षा यांविषयी त्यात पुष्कळ आहे. वेतन आणि रुग्णालयातील किमान मनुष्यबळ यांची हमी मात्र त्यात नाही. जी परिचारिका नोंदणीकृत आहे तिच्यावर नियम चालतील. जी नोंदणीकृतच नाही तिला कामावर ठेवणाऱ्यावर कोणते नियम चालणार?

बंधपत्राचा उपाय वारंवार सुचविला जातो. शासनाच्या खर्चाने शिकलेल्या मुलीने अमुक वर्षे ग्रामीण भागात सेवा करावी, अन्यथा दंड भरावा. बंधपत्र उमेदवाराला बांधते, शासनाला बांधत नाही. अनेकदा बंधपत्राच्या मुदतीत नेमणूकच मिळत नाही आणि मुलगी ना नोकरीत, ना मोकळी, अशा अवस्थेत राहते. बंधन घालायचेच असेल तर ते दुहेरी असावे. प्रवेशाच्या वेळीच तिला विशिष्ट रुग्णालयातील विशिष्ट मंजूर पदाचे हमीपत्र द्यावे, शिक्षणाची चार वर्षे विद्यावेतन द्यावे आणि त्या बदल्यात तिच्याकडून तेवढ्याच वर्षांची सेवा घ्यावी. पद निर्माण झाल्याशिवाय जागा मंजूर करू नये. याने महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढणार नाही, हे खरे आहे.

मालेगावपुरते बोलायचे तर असा प्रयोग करण्यास शासकीय सामान्य रुग्णालय पुरेसे आहे. चाळीसच्या चार तुकड्यांसाठी सोळा शिक्षक लागतील. पाठ्यनिर्देशिकांची ही पदे प्रथम मंजूर व्हावीत, त्यांची वेतनश्रेणी वॉर्डातील परिसेविकेपेक्षा कमी नसावी, आणि त्यांच्यापैकी काहींना उर्दू येत असावे. वसतिगृह रुग्णालयाच्या आवारातच असावे. इंग्रजीच्या पूर्वशिक्षणासाठी शहरातील वरिष्ठ महाविद्यालयांतील भाषा विभागांना सहभागी करून घेता येईल. आपले विभाग यासाठी तयार होतील का, हा प्रश्न शासनाला नव्हे, आपल्याला विचारावा लागेल. भूमिपूजनाचा कार्यक्रम यानंतर केव्हाही घेता येईल. पहिली तुकडी सध्याच्या इमारतीतील दोन खोल्यांतही सुरू होऊ शकते.